धाकटी बॅटरी

सकाळी दहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी हेलिकॉप्टर पडलं. रविवार, ८ एप्रिल २००७. जागा, पडघ्याहून दिघाशीकडे जाताना लागणाऱ्या मोहटेंभा पाड्यातलं गावदेवीचं आवार.

माणसं बसतात ते हेलिकॉप्टर हे नव्हे. हे विजेवर उडणारं, हातातल्या रेडिओच्या खोक्यावरून चालवायचं. पण त्याला खेळणंही म्हणता येणार नाही. लांबी साडेचार फूट, पंख्याचा घेर जवळपास पाच फूट, पोटाखालच्या फुलांच्या टोपलीसकट वजन सहा किलो. पंधरा फुटांवरून ते तिरकं खाली आलं तेव्हा पंखा अजून फिरत होता. आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या हौसा रामनाथ तरे, वय चाळीस, यांच्या उजव्या मनगटाला पात्याचं टोक लागलं.

हौसाबाई खाली बसल्या. ओरडल्या नाहीत.

ओरडले ते नभनाथ महाराज. माइक त्यांच्याच हातात होता. "घेतलं! देवीने आपलं घेतलं!" आवारात त्या वेळी अंदाजे दोन हजार माणसं होती. त्यांतल्या बहुतेकांनी हात जोडले. ज्यांना हौसाबाई दिसत होत्या त्यांनीही जोडले.

हे हात इतक्या सहज कसे जोडले गेले, ते कळायला त्याच दिवशी सकाळी सव्वाआठला घडलेला पहिला चमत्कार सांगावा लागेल.

हेलिकॉप्टर सुश्रुत कर्णिक या भिवंडीच्या सत्तावीस वर्षांच्या इंजिनिअरचं. सुटे भाग मागवून त्यानं आठ महिन्यांत ते स्वतः जोडलं होतं. त्याआधी तीन लग्नांत त्यानं नवरा-नवरीवर वरून गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या होत्या. ते ऐकून महाराजांच्या माणसांनी त्याला बोलावलं. गावदेवीच्या जत्रेला महाराजांच्या पादुका येणार, त्यांच्यावर आकाशातून पुष्पवृष्टी व्हायची.

या भागात नवं यंत्र आधी गावदेवीपुढे जातं. ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, पॉवरलूम असो, देवीपुढे नारळ फुटल्याशिवाय ते कामाला लागत नाही. हेलिकॉप्टर गावात पहिल्यांदाच आलेलं, त्यामुळे तेही गेलं. गाभाऱ्यासमोर पाट मांडला, पाटावर हेलिकॉप्टर ठेवलं, त्याच्या नाकाला कुंकू लावलं, पंख्याच्या दांड्याला झेंडूचा हार घातला.

मग महाराजांनी सुश्रुतला माइकवर बोलावलं.

"बेटा, बॅटरी कुठाय?"

"माझ्याकडे." सुश्रुतनं विटेएवढी बॅटरी वर करून दाखवली.

"सगळ्यांना सांग. हिच्याशिवाय उडतं का?"

"नाही महाराज. ही काढली की ते उडू शकत नाही."

तो खोटं बोलला नाही. त्या सकाळच्या ध्वनिफितीवर त्याचे हेच शब्द आहेत. त्यानंतर उडायची आणि उतरायची जागा आखून मोकळी करून घ्यायला म्हणून महाराजांच्या लोकांनी त्याला मागच्या मैदानावर नेलं. तो गेल्यावर पाच-सात मिनिटांत पाटावरचं यंत्र हललं.

"आरं, हालतंय!"

"वारा हाय."

"वारा हाय त तुझी टोपी का न्हाय हालत?"

वारा नव्हता. पंख्याची दोन्ही पाती एकदम डावीकडे कलली, थांबली, थरथरली, उजवीकडे कलली. शेपटीचा छोटा पंखाही थरारला. मोटारीचा आवाज नाही, पंखा फिरत नाही, नुसती मान हलते आहे. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांच्या अंगात आलं. हार ओढला गेला, दोन झेंडू खाली पडले, ते उचलायला झुंबड झाली.

महाराजांचा जन्म मराठी घरातला, पण मोठं बोलायचं झालं की ते हिंदीत शिरतात. "अमेरिका ने लोहा बनाया. हमने उसमें प्राण देखा! हे यंत्र गेल्या जन्मी देवीचं वाहन होतं." गेल्या जन्मी हेलिकॉप्टर काय रूपात असेल, हे कुणी विचारलं नाही. महाराजांनी यंत्रालाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. गावाला पाणी येईल? यंत्र हललं. पोरींची लग्नं जमतील? हललं. दिघाशीचा गोदू भोईर गर्दीतून ओरडला, "बाबा, त्याना इचारा, तुमी खोटं बोलता काय?" यंत्र तेव्हाही हललं. लोक हसले. महाराजांनी माइक तोंडापासून दूर धरला आणि शंखवाल्याला खूण केली.

हे पावणेदोन तास चाललं. दहा वाजता महाराजांनी डोळे मिटले, त्यांचा शिष्य नवशा पाटापाशी वाकला, त्यानं सुरुवातीला ठेवला होता तसाच आणखी एक नारळ यंत्राच्या नाकाजवळ ठेवला आणि यंत्र शांत झालं. "देवी विसाव्याला गेली," महाराज म्हणाले.

सव्वादहाला सुश्रुत परतला. तुझं यंत्र हललं, असं त्याला दहा जणांनी सांगितलं. त्याला वाटलं, वारा असेल. त्यानं मोठी बॅटरी बसवली, आतली जोडणी तपासली, मीटर लावला. तोवर माइकवरून मुहूर्ताचा गजर सुरू झाला होता. दहा एकोणचाळीसला यंत्र उडालं. एक फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत टोपलीचा दरवाजा उघडला, पाकळ्या पडल्या, माणसं वर बघत राहिली. पाकळ्या हवेत होत्या तेव्हाच यंत्र कललं. सुश्रुतच्या हातातलं खोकं चालू होतं. तो दांडी उलट दिशेला दाबत होता, यंत्र ऐकत नव्हतं.

*

अकरा वाजता हौसाबाई सभामंडपात भिंतीला टेकून बसल्या होत्या. हाताला भस्म आणि हळद लावून पिवळं फडकं बांधलेलं. फडकं पिवळं राहिलं नव्हतं.

महाराजांचं प्रवचन आता दुसरीकडे वळलं होतं. जे यंत्र तासाभरापूर्वी देवीचं वाहन होतं, त्याला आता गर्व झाला होता आणि देवीनं तो उतरवला होता. बॅटरी भरलेली, मोटार चांगली, चालवणारा इंजिनिअर, तरी ते पडलं. मग पाडलं कुणी? "टेंभ्याखालचा मोह कुणी तोडला? जानेवारीत कुणी कुऱ्हाड लावली? मी नाव घेत नाही." नाव घ्यायची गरज नव्हती. टेंभ्याखालचं, म्हणजे टेकाडाखालचं, शेत तऱ्यांचं. तिथं गोडाऊन उभं राहतंय. त्यासाठी जुना मोह जानेवारीत तोडला, हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या झाडाला देवी मानून लुगडं नेसवणाऱ्या घरातल्या शेवटच्या सूनबाई हौसाच.

"देवीने हात मागितला आहे," महाराज म्हणाले. "संध्याकाळची आरती होईपर्यंत बाईला मंडपातून हलवायचं नाही. हलवलं तर देवी दुसरं मागेल."

सव्वाअकराला आरोग्य केंद्राच्या डॉक्टर बाई आल्या. त्यांनी फडकं सोडलं, पाहिलं, दाबून पट्टी बांधली, सलाईन लावली. बोटं एकेक करून चाचपली. मग त्या हौसाबाईंच्या नवऱ्याशी, रामनाथ तरे यांच्याशी बोलल्या. आवाज चढवला नाही.

"बोटं गार पडलीत. रक्तवाहिनी तुटली आहे, बोटं हलवणाऱ्या शिरा तुटल्या आहेत. ठाण्याला हे जोडणारे डॉक्टर आहेत. पाचच्या आत टेबलावर पोचायला हव्यात."

"आनि न्हाय पोचली त?"

"तर हात राहणार नाही. राहिला तरी लाकडासारखा राहील."

रामनाथांची जीप मंडपापासून पंधरा पावलांवर उभी होती. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. ती ते सारखी चाचपत होते.

"मी नेतंय वो बाई. पन ही न्हाय बोलतं. आय पन न्हाय बोलतं."

आय म्हणजे ठकुबाई, वय सत्तरच्या पुढे. पाड्यातल्या लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, त्याच म्हणतात. नवरा-नवरीला हळद कधी लागायची ते भटजी सांगत नाही, ठकुबाई सांगतात. त्या सुनेच्या शेजारी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवत होत्या.

डॉक्टर बाई हौसाबाईंपाशी गेल्या. "ताई, तुम्ही शुद्धीत आहात. तुम्ही हो म्हणा, मी स्वतः बरोबर येते."

"मना न्हाय जायाचं," हौसाबाई म्हणाल्या. "तो मोह तोडला तवा मी घरातच होती. बोलली न्हाय काय. आता देवीनं हात मागितला, देवीला दिला. माझी पोर हाय घरात. तिला काय झाला त?"

सव्वाबारापर्यंत मंडपात सुनेच्या दर्शनाला रांग लागली होती. लोक हौसाबाईंच्या पायाला हात लावत होते.

*

सुश्रुतचे वडील प्रभाकर कर्णिक बारा पन्नासला स्कूटरवरून आले. भिवंडीतल्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यांना मुलानं फोन केला नव्हता. डॉक्टर बाई त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी, त्यांनी केला होता.

ते आधी मंडपात गेले. हौसाबाईंना पाहिलं. डॉक्टर बाईंना विचारलं, "किती वेळ आहे?" उत्तर ऐकून ते मागच्या बाजूला, यंत्र पडलं होतं तिथं आले. यंत्रावर एव्हाना तिघांनी कुंकू टाकलं होतं. सुश्रुत शेजारी मातीत बसला होता.

"मोठी बॅटरी?" वडिलांनी विचारलं.

"पाऊण भरलेली आहे. आत्ता मोजली."

"मग पडलं कसं?"

"कंट्रोल गेला."

"कसा गेला?"

सुश्रुतनं यंत्राच्या पुढच्या टोपणाकडे पाहिलं.

इथं दोन गोष्टी सांगणं भाग आहे. या आकाराच्या विजेवरच्या हेलिकॉप्टरला बॅटऱ्या दोन असतात. थोरली बॅटरी पंख्याची मोटार फिरवते, तिचा दाब चाळीस व्होल्टच्या वर. पण यंत्राला वळवतं, कलवतं, सरळ ठेवतं ते दुसरंच सामान. जमिनीवरच्या माणसाचा हुकूम पकडणारी काडेपेटीएवढी रेडिओ-डबी असते आणि तो हुकूम ऐकून पात्यांचा कल बदलणाऱ्या पाच छोट्या मोटारी असतात. या सामानाला पाच व्होल्टच लागतात. थोरल्या बॅटरीची वीज उतरवून यांना देता येते, पण मोठ्या यंत्रात मोटारीचे झटके या नाजूक सामानाला लागू नयेत म्हणून सावध माणसं वेगळी धाकटी बॅटरी ठेवतात. चार सेल एकत्र बांधलेली, साबणाच्या वडीएवढी, पुढच्या टोपणाखाली लपलेली. तिला स्वतःची छोटी कळ असते. सुश्रुत सावध माणूस होता. त्यानं वेगळी ठेवली होती.

थोरली काढून ठेवली तरी धाकटी आतच असते.

"ही धाकटी कधी चार्ज केलीस?" वडिलांनी विचारलं.

"काल रात्री. पूर्ण."

"मग ती संपली कशी?"

"संपलेली नव्हती. उडवायच्या आधी मीटर लावला होता. पाच व्होल्ट होते."

"भार लावून मोजलेस?"

सुश्रुतनं मातीतली एक पाकळी उचलली आणि परत ठेवली.

प्रभाकर सरांनी टोपण उघडलं, बॅटरी बाहेर काढली, मीटर लावला. चार दशांश नऊ. आकडा बघून कुणीही म्हणेल, ठीक आहे. मग त्यांनी स्कूटरच्या डिकीतून जुन्या गाडीच्या मागच्या दिव्याचा सहा व्होल्टचा बल्ब काढला आणि दोन्ही तारांना लावला. बल्ब पेटला, पिवळा झाला, लाल झाला. रामनाथ तरे शेजारी येऊन उभे होते, ते मनात आकडे मोजत असावेत. बल्ब विझला तेव्हा ते "नऊ" म्हणाले. मीटरवर आकडा अडीचच्या खाली होता. सरांनी बल्ब काढला. आकडा सावकाश वर चढायला लागला. तीन. साडेतीन. चार दशांश सहा.

"ह्यो परत भरला कसा?" रामनाथांनी विचारलं.

"भरला नाही. दमलेला माणूस ओट्यावर बसून गप्पा मारतो, तेव्हा ठणठणीत वाटतो. डोक्यावर भाताचं पोतं दिलंत की कळतं. ही बसलेली असताना पाच दाखवते. वर गेल्यावर पाच मोटारींनी एकदम ओढलं, वरून टोपलीचा दरवाजा उघडायची सहावी, आणि ही कोसळली. रेडिओ-डबी बंद पडली. पंखा फिरतोय, पण हुकूम ऐकायला कुणी नाही." त्यांनी रामनाथांकडे पाहिलं. "तुमच्या घरात होडी होती ना? खाडीत इंजिन चालू आहे आणि सुकाणूवरचा माणूस बेशुद्ध पडला, तर होडी कुठं जाईल?"

"कातलावर," रामनाथ म्हणाले.

"मग देवीनं पाडली म्हणाल?"

रामनाथांचा हात खिशातल्या किल्लीवर होता. "मना पटतंय मास्तर. पन ती मंडपात हाय. तिला पटाया पायजे. नाय त आयेला."

"आणि रात्रभर भरलेली बॅटरी सकाळी दमली कशानं, ते मी मंडपातच दाखवतो," सर म्हणाले. मग मुलाला, "दुसरी भरलेली आहे?"

"आहे. बॅगेत."

"आण. आणि तूही चल."

*

एक चाळीसला मोडकं हेलिकॉप्टर मंडपात आलं. दोघांनी उचलून आणलं. एक पातं तुटलेलं, शेपूट वाकलेली. रांग थांबली. सरांनी ते ठकुबाईंच्या समोर ठेवलं आणि थोरली बॅटरी त्यांच्या ओच्यात दिली.

"आजी, ही धरून ठेवा. सकाळी हीच काढली होती ना?"

"हीच. तुझ्या पोरानं दावली हुती."

"आता यंत्रात ही नाही. बघा." त्यांनी भरलेली धाकटी आत बसवली, टोपण लावलं. "आता टोपणाखाली बोट घाला. कळ लागते?"

"लागतं."

"पुढं सारा."

ठकुबाईंनी सारली. उरलेलं पातं डावीकडे कललं, थरथरलं, उजवीकडे कललं. मागच्या एका बाईनं "आई गं" म्हणून हात जोडले आणि मग, सगळे बघताहेत हे लक्षात येऊन, सोडले.

"सुश्रुतच्या हातातलं खोकं बंद आहे," सर म्हणाले. "खोकं बंद असलं की ही डबी हवेतली कसलीही खरखर ऐकते. रेडिओवर स्टेशन लागलं नाही की खरखरतो ना, तसं. खरखर हुकूम समजून ह्या मोटारी हलतात. हो विचारा, हलेल. नाही विचारा, हलेल. आता कळ मागं घ्या."

पातं थांबलं.

ठकुबाईंनी पुन्हा पुढं सारली. हललं. मागं घेतली. थांबलं. पुढं. मागं. चार वेळा केलं. मग बोट बाहेर काढून त्यांनी त्या बोटाकडेच पाहिलं.

"माझ्या बोटानं देवी येतं न जातं व्हय?"

तोवर महाराज आले होते. "माई, देवी कळीतही असते, बोटातही असते. चराचर में ऊर्जा है! शास्त्रज्ञ ज्याला वीज म्हणतात तिलाच आम्ही..."

"मंग बाबा, कळ बंद हाय. तू हालव." ठकुबाईंनी यंत्र त्यांच्याकडे सरकवलं. "मना कळीशिवाय हालवून दाव. मी माझी सून हितंच ठेवतंय."

महाराजांनी डोळे मिटले. मंडपात अर्धं मिनिट कुणी हललं नाही, आणि यंत्रही नाही. मागून गोदू भोईर म्हणाला, "देवी जेवाया गेली वाटतं." दोघं-तिघं हसले. बाकीच्यांना हसावं की नाही ते ठरवता आलं नाही.

"सकाळी पावणेदोन तास ही कळ चालू होती," प्रभाकर सर म्हणाले. "तुमचा चमत्कार संपला तेव्हा उडायला लागणारी वीजही संपत आली होती. पहिल्या चमत्कारानं दुसरा घडवला. कळ सारली कुणी?"

"काल मी यंत्र दाखवायला आलो होतो," सुश्रुत पहिल्यांदाच बोलला. "नवशानं दोनदा विचारलं, ही कळ कसली. मी सांगितलं की मोठी बॅटरी न लावता पाती तपासता येतात. लावूनही दाखवलं."

नवशा खांबाला टेकून उभा होता. "मी त नारल ठेवीत हुतो."

"दोनदा नारल ठेवला?" ठकुबाई म्हणाल्या. "येकदा हालाया, येकदा थांबाया?"

नवशा बाहेर गेला. चप्पल तिथंच राहिली. महाराजांनी त्याच्यामागे कुणाला पाठवलं नाही.

मंडपातली चर्चा आता महाराज आणि नवशावर गेली होती. कोण काय म्हणालं होतं, कुणाला आधीच शंका होती, सगळे एकदम बोलत होते. डॉक्टर बाईंनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून पाच मिनिटं. हौसाबाई मात्र भिंतीलाच टेकून होत्या. त्यांनी कळीकडे पाहिलं होतं, पात्याकडे पाहिलं होतं. त्या उठल्या नव्हत्या.

"नवशानं सकाली हालवला," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, शेजारच्यांनी गप्प बसून ऐकला. "ठीक हाय. पन पाडला कोनी? बाटली... ती बॅटरी दमली हे तुमाला आता कललं. तवा कोनाला ठावं हुता? कोनालाच ठावं नव्हता, तर मंग ती देवीचीच मरजी."

प्रश्न बरोबर होता. यंत्र कसं पडलं ते कळलं होतं. पण कुणालाच काही माहीत नसताना ते हौसाबाईंवरच येऊन पडलं, एवढी फट त्यांना पुरेशी होती, आणि त्या फटीत महाराज पुन्हा उभे राहिले. "बघा! बाईला कळलं!"

प्रभाकर सर मुलाकडे पाहत होते. सुश्रुतनं गप्प राहावं हे त्याच्या सोयीचंच होतं. देवीची मर्जी असती तर त्याच्यावर काही येत नव्हतं.

"मला ठाऊक होतं," सुश्रुत म्हणाला.

"काय?"

"रात्रभर भरलेली बॅटरी साडेपाच दाखवते. मीटरवर पाच आले. अर्धा व्होल्ट कमी. मला शंका आली होती. बल्ब लावून बघायला दोन मिनिटं लागली असती. दुसरी बॅटरी बॅगेत होती, ती बदलायला पाच. माइकवर मुहूर्त चालला होता, सगळे बघत होते. मी म्हटलं, एक फेरी निघेल." तो हौसाबाईंच्या समोर बसला. "तुम्ही आरतीला कुठं उभ्या राहणार तेही मला दाखवलं होतं. त्या जागेच्या वरून उडवायला नको होतं. मी उडवलं. देवीनं काही केलं नाही ताई. मी केलं."

हौसाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात पट्टीसकट उचलून मांडीवर घेतला.

"देवीनं नसल मागितला, त हात माझा हाय," त्या म्हणाल्या. "चला."

दोन वाजून अठरा मिनिटांनी जीप निघाली. रामनाथ चालवत होते. डॉक्टर बाई सलाईनची बाटली धरून मागे, त्यांच्या शेजारी ठकुबाई. थोरली बॅटरी अजून ओच्यातच असल्याचं त्यांना पडघ्याच्या पुढे कळलं. बायपासवर कंटेनर कलंडला होता म्हणून गाडी भिवंडीतून कशेळीमार्गे घेतली. कशेळीच्या पुलावर गोडाऊनांचे ट्रक रविवारीही असतात. तिथं पन्नास मिनिटं गेली. ठाण्याच्या रुग्णालयात त्या चार वाजून पस्तीस मिनिटांनी पोचल्या. पाच वाजून दहा मिनिटांनी शस्त्रक्रिया सुरू झाली.

*

या प्रकरणात कळायला अवघड काही नाही. बॅटरी, कळ, बल्ब, मीटर. आठवीच्या पुस्तकात एवढं असतं. मंडपात बसलेल्या निम्म्या माणसांच्या घरात विजेचा पंप आहे, आणि तो बंद पडला की ते देवीला नारळ फोडत बसत नाहीत, आधी फ्यूज बघतात. तेवढंच देवळातही करावं. एखादी वस्तू बॅटरीशिवाय हलते असं कुणी सांगितलं, तर आत अजून एक बॅटरी आहे का, हे विचारावं. विचारल्यानं देवीचा अपमान होत नाही. आणि जखमी माणसाला हलवू नका, असं जो सांगतो, त्याला दुसरा प्रश्न विचारत न बसता आधी गाडी काढावी. प्रश्न परत येऊन विचारता येतात. मोहटेंभ्यात अकरा ते दोन अठरा हा वेळ गेला. गाडी पंधरा पावलांवर होती.

भरलेला आकडा पाहून समाधान मानायची सवय भक्तांचीच असते असं नाही. मीटर लावणाऱ्यालाही ती लागते. चमत्कार पाहणाऱ्या दोन हजारांत ज्याला शंका आली असा एक इंजिनिअर होता. शंका आली, पण तो थांबला नाही. एवढंच त्याच्या बाजूनं आणि त्याच्याविरुद्ध सांगता येईल.

सोमवारी पोलिसांनी सुश्रुत कर्णिकचा जबाब नोंदवला. मंडपात सांगितलं तेच त्यानं तिथं सांगितलं, अर्ध्या व्होल्टसकट. नवशा घरी सापडला नाही. महाराजांविरुद्ध तक्रार द्यायला पाड्यातून अजून कुणी आलेलं नाही. त्यांच्या मठात सोमवारी आरती झाली. गर्दी नेहमीपेक्षा कमी होती, असं गोदू भोईर सांगतो. नेहमीएवढीच होती, असं मठाचे लोक सांगतात.

शस्त्रक्रिया सहा तास चालली. मंगळवारी सायंकाळी सात वाजता डॉक्टरांनी हौसा तरे यांचा हात तपासला. अंगठा आणि तर्जनी कोमट आहेत. उरलेल्या तीन बोटांबद्दल गुरुवारच्या आधी काही सांगता येणार नाही.